उंच अंगाची तालीम

तालमीत, ज्युदोच्या मॅटवर किंवा शाळेच्या पटांगणातल्या कराटेच्या वर्गात एखादा ताडमाड पोरगा पहिल्यांदा आला की त्याच्या कानावर दोन वाक्यं हमखास पडतात. पहिलं, "तुला काय रे, नुसता हात लांब केलास तरी काम होतंय." दुसरं दहा मिनिटांनी, "खाली बस. अजून खाली. कंबरेत नको वाकूस, गुडघ्यात वाक." पहिल्यात हेवा आहे, दुसऱ्यात वैताग, आणि दोन्ही बोलणारे बहुतेक वेळा एकच सर असतात. मधल्या दहा मिनिटांत त्या पोराला बाकीच्यांबरोबर बाकीच्यांच्याच मापाचे धडे दिलेले असतात. ते त्याला जमत नाहीत. मग 'उंच आहे, पण ढिला आहे' असा शिक्का बसतो आणि काही महिन्यांत तो बास्केटबॉल नाहीतर व्हॉलीबॉलकडे वळतो. तिकडे त्याचं भलंही होत असेल. पण त्याचं अंगच या विद्येच्या कामाचं नव्हतं, हे मानायला मी तयार नाही.

हे पुस्तक त्या पोरासाठी आहे. त्याच्या सरांसाठी तर त्याहून जास्त.

उंच म्हणजे किती, असा प्रश्न कोणीही विचारेल. भारतात पुरुषांची सरासरी उंची साडेपाच फुटांच्या आसपास आहे, नेदरलँड्समध्ये ती सहा फुटांपर्यंत जाते. म्हणजे सहा फुटांचा मुलगा अ‍ॅमस्टरडॅमच्या वर्गात रांगेत दिसायचाही नाही आणि सांगलीच्या तालमीत मात्र आल्या दिवशीच त्याचं नाव 'लंबू' पडेल. म्हणून इथे ठरावीक आकडा धरलेला नाही. नेहमीच्या जोडीदारापेक्षा ज्याची कंबर चार बोटं वर आहे, तो आपल्यापुरता उंच. त्यातही सगळे उंच सारखे नसतात. सहा फुटांच्या दोन मुलांना शेजारी शेजारी स्टुलावर बसवून पाहा. उभे असताना खांद्याला खांदा लावून असलेली ही मुलं बसल्यावर वरखाली झालेली दिसतील. एकाची उंची पायांत आहे, दुसऱ्याची धडात. पहिल्याची लाथ सहज डोक्यापर्यंत जाईल, पण कुस्तीत त्याचे पाय समोरच्याच्या हाती आयते सापडतील. दुसऱ्याचं नेमकं उलट. पहिल्या प्रकरणात डाव एकही नाही, फक्त टेप आहे, तो यामुळेच: उभी उंची, बसकी उंची, दोन्ही हातांचा पसारा, मांडीची आणि नडगीची लांबी. कंटाळवाणं वाटेल. शिंप्यानं माप घेतल्याशिवाय सदरा शिवला तर आपण त्याला चार शब्द सुनावतो, मग इथेच का गप्प बसायचं?

कोणतीही युद्धकला कोणाच्या तरी अंगावर बेतलेली असते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) जेमतेम पाच फूट दोन इंचांचे होते. तरुणपणी जुजुत्सू शिकताना फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड सहाध्यायी त्यांना काही केल्या आवरेना. कानोंनी पुस्तकं धुंडाळली, पाश्चात्त्य कुस्तीतला एक डाव शोधून काढला आणि त्या डावानं फुकुशिमाला खांद्यांवर आडवा घेऊन आपटलं. तो डाव पुढे 'काता-गुरुमा' या नावानं ज्युदोत कायमचा बसला. आपल्या मातीत त्याचा सख्खा भाऊ 'कलाजंग' म्हणून केव्हापासूनचा नांदतो आहे. ही गोष्ट वर्गावर्गांतून सांगितली जाते ती लहानानं मोठ्याला कसं लोळवलं म्हणून. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. एका माणसानं स्वतःच्या अंगाचं माप ओळखलं, गुरूनं दिलेल्या यादीत ते बसत नाही हे पाहिलं आणि यादीच बदलली. १८८२ मध्ये तोक्योतल्या एईशोजी मंदिरात कानोंची कोदोकान ही शाळा उभी राहिली त्यामागे ही वृत्ती होती. मग ठेंगण्या माणसाला जी मुभा मिळाली, ती उंचाला का मिळू नये?

गंमत म्हणजे ती मुभा कानोंच्याच अभ्यासक्रमात दडलेली आहे. १८९५ मध्ये कोदोकाननं फेकींचे पाच संच ठरवले आणि १९२० मध्ये ते सुधारले. सुधारलेल्या पहिल्या संचात आठ फेकी आहेत. त्यांतल्या दे-आशी-हराई, हिझा-गुरुमा, सासाए-त्सुरिकोमी-आशी, ओ-सोतो-गारी आणि ओ-उची-गारी या पाच पायानं करायच्या आहेत. उकी-गोशी, ओ-गोशी आणि सेओई-नागे या उरलेल्या तिघींत मात्र स्वतःची कंबर समोरच्याच्या कंबरेखाली न्यावी लागते. आपल्याकडच्या पुष्कळ वर्गांत श्रीगणेशा होतो तो या तिघींनीच. दाखवायला त्या सोप्या, आणि पालकांसमोर प्रात्यक्षिकात उठूनही दिसतात.

आता उंच मुलाच्या बाजूनं हिशेब मांडू. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणे उंचीच्या ५५ टक्क्यांवर असतो. सहा फूट दोन इंच, म्हणजे १८८ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा तो जमिनीपासून १०३ सेंटिमीटरवर येतो. पाच फूट सहा इंचांच्या त्याच्या जोडीदाराचा ९२ वर. फरक अकरा सेंटिमीटरचा. म्हणजे ओ-गोशीसाठी वळता वळता या मुलानं आधी अकरा सेंटिमीटर खाली उतरायचं, तेव्हा कुठे बरोबरी होणार, आणि डाव त्याच्याही खालून सुरू होणार. तेवढ्या वेळात समोरचा निसटलेला असतो. निसटला नाही तर आपला गडी घाईत गुडघ्याऐवजी कंबरेत वाकतो आणि ओढाताण करून, पाठीच्या जोरावर त्याला उचलतो. वर्षभर असं केलं की पाठदुखी आलीच. त्याच मुलाला पहिले सहा महिने ओ-सोतो-गारी आणि पायानं झाडण्याच्या फेकी द्या. तिथे लांब पाय दुरूनच पोचतो, खाली उतरायची गरज नसते, आणि उंचावरून मानेमागची कॉलर धरलेला हात समोरच्याला वाकवून ठेवतो. सेओई-नागे त्यानं शिकू नये असं कोणी म्हणत नाही. ती नंतर शिकावी, मांड्यांत बळ आल्यावर. शिकवण्याचा क्रम बदला, विद्या तीच राहू द्या. या पुस्तकाचं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि बरीच पानं ते कुठे कुठे लागू पडतं हे पाहण्यात गेली आहेत.

याचा दाखला म्हणून अँटोन खेसिंकचं नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला. वजनाचे तीन गट होते आणि चौथा खुला. तिन्ही वजनी गटांची सुवर्णपदकं यजमानांनी घेतली. पण खरी प्रतिष्ठा खुल्या गटाची, कारण वजन आणि उंची गौण, तंत्र श्रेष्ठ, ही ज्युदोची शिकवण तिथेच सिद्ध व्हायची होती. २३ ऑक्टोबरला बुदोकानमध्ये अंतिम लढतीत उत्रेख्तच्या या १.९८ मीटर उंचीच्या डच माणसानं अकिओ कामिनागाला केसा-गातामेच्या पकडीत जमिनीला जखडून ठेवलं आणि सभागृह सुन्न झालं. त्यानंतर 'शेवटी उंचीच जिंकली' असं बोललं गेलं, अजूनही बोललं जातं. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. युरोपात त्या काळी उंच आणि दांडगे ज्युदोपटू पुष्कळ होते, १९६१ मध्ये पॅरिसला जगज्जेता झालेला पहिला बिगरजपानी मात्र खेसिंक एकटा. डच संघाला शिकवायला येणारे जपानी शिक्षक मिचिगामी हाकू यांनी त्याला घडवलं. खेसिंकची ख्याती होती ती त्याच्या पावलांच्या कामाची आणि जमिनीवरच्या पकडीची. शिवाय जंगलात पळणं, ओंडके उचलणं अशी बळाची मेहनत तो रोज करत असे. उंची सगळ्यांना दिसली. या उंच माणसाचे पाय इतके चपळ कसे झाले, हे फार थोड्यांनी विचारलं.

उलट बाजूचं उदाहरणही तितकंच शिकवणारं आहे. १९९० च्या सर्व जपान खुल्या स्पर्धेत १.६९ मीटर उंचीचा तोशिहिको कोगा मोठमोठ्या गड्यांना लोळवत अंतिम फेरीपर्यंत गेला. त्याची सेओई-नागे म्हणजे ठेंगण्या अंगाचं जणू महाकाव्यच. समोर होता १.९३ मीटरचा नाओया ओगावा. ओगावानं सेओईला सेओईनं उत्तर द्यायचा खुळेपणा केला नाही. त्यानं आशी-गुरुमा लावली, म्हणजे लांब पायाचा आडवा दांडा घालून त्यावरून फिरवायची फेक, आणि कोगा पडला. दोघांनी आपापल्या अंगाचा डाव खेळला. आजच्या काळात हेच पाहायचं असेल तर दोन मीटरहून उंच तेदी रिनेर आहे. तो २०१० ते २०२० या काळात सलग १५४ लढती हरला नाही. त्याच्या लढती पाहताना फेकीकडे नंतर बघा. आधी त्याचा उजवा हात समोरच्याच्या पाठीवर कुठे जाऊन बसतो ते बघा. निम्मी लढत तिथेच संपलेली असते.

थोडं पदार्थविज्ञान इथेच उरकून घेऊ, कारण 'उंच माणूस मंद असतो' हा समज त्याशिवाय जात नाही. लांब अंगात मेंदूचा निरोप पायापर्यंत उशिरा पोचतो, असं काही जण सांगतात. मज्जातंतूतून निरोप सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगानं जातो. पाय एक फूट जास्त लांब असला तरी फरक पडतो सेकंदाच्या हजार भागांतल्या पाच-सहा भागांचा. लढतीत त्याला कोणी विचारत नाही. खरी अडचण फिरवण्यात आहे. पाय दहा टक्के लांब असेल आणि वजन तेवढंच असेल तर तो फिरवायला एकवीस टक्के जास्त जोर लागतो. जाडी तेवढीच राखून लांबीबरोबर वजनही वाढलं तर तेहतीस टक्के. म्हणून उंच मुलाची गोल लाथ सुरुवातीला आळसावल्यासारखी दिसते. त्याला 'जोरात मार' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. गुडघा पोटाशी दुमडून घेतला की पाय आखूड होतो आणि झटक्यात फिरतो. मग शेवटच्या क्षणी तो उलगडायचा. आखूड पायाचा मुलगा या दुमडण्यात कसूर करून खपवून नेतो. उंचाला ती सूट नाही. जितकं अंग लांब तितकं तंत्र चोख लागतं, हे ऐकायला कठोर आहे, पण त्याला इलाज नाही.

आता मातीकडे येऊ. आपल्या तालमींत उंच पोराची दोन ठिकाणी फसगत होते, एक मेहनतीत, दुसरी कुस्तीत. वस्ताद सांगतात, शंभर जोर, दोनशे बैठका. लांब हातांच्या मुलाचं धड प्रत्येक जोरात अधिक अंतर खाली जातं आणि तेवढंच वर येतं. शेजारच्या आखूड हातांच्या पोरानं शंभर मारले आणि यानं ऐंशी, तर दोघांची मेहनत जवळपास सारखीच भरते. पण आकडा ऐंशी दिसतो आणि पोरगा 'कच्चा' ठरतो. मोजायचंच असेल तर दम मोजा, वेळ मोजा. बैठकांबाबत मात्र आपली जुनी पद्धत उंचाला अनुकूल आहे. लांब मांडीच्या माणसाला टाचा टेकवून खोल बसायला सांगितलं की तोल राखण्यासाठी त्याचं धड पुढे झुकतं. जिममधल्या स्क्वॉटमध्ये उंच मुलं वाकलेली दिसतात ती त्यामुळे. देशी बैठकीत टाच उचलते, गुडघा पुढे जातो आणि पाठ उभी राहते. पाठ वाचते, भार गुडघ्यावर येतो. म्हणून वाढत्या वयात संख्या हळूहळू चढवायची, एकदम पाचशेचा आकडा गाठायचा नाही.

कुस्तीत त्याचा शत्रू म्हणजे पट. लांब पाय म्हणजे समोरच्याला दुरून दिसणारा आणि लवकर हाती लागणारा ऐवज. एकेरी पट निघाला की उंच गडी एका पायावर बगळ्यागत उभा राहतो, आणि तिथून पडायला वेळ लागत नाही. यावर सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'खाली बसून खेळ'. तो अर्धाच खरा आहे. उंच गडी सगळा वेळ बुटक्याइतका खाली बसून खेळला तर त्याच्या मांड्या तिसऱ्या मिनिटाला भरून येतात, आणि लांब हातांचा फायदाही हातचा जातो. त्यानं पाय मागे ठेवावेत आणि हात पुढे. खडाखडीतच समोरच्याचं मनगट धरावं, मान दाबावी, दस्ती ओढावी आणि त्याला पायांपर्यंत येऊच देऊ नये. आलाच तर पाय मागे फेकून छातीचा भार त्याच्या मानेवर टाकावा. लांब धडाचा हा भार भल्याभल्यांना सोसत नाही. हल्ल्यासाठी ढाक आणि टांग हे त्याचे हक्काचे डाव आहेत. वरून मान आणि हात कवळायचा, लांब पाय आत किंवा बाहेर घालायचा. वस्तादांना हे सगळं ठाऊक असतं. तरी पोरांना सरसकट पट काढायलाच लावलं जातं, कारण मॅटवर गुण त्याचे मिळतात.

जत्रेच्या फडात जोड नजरेनं लावतात, तेव्हा आणखी एक घोटाळा होतो. पंधरा वर्षांचा, हाडं आणि कातडं असलेला उंच पोरगा हात वर करून फिरतो आणि त्याची उंची पाहून त्याला वीस वर्षांच्या भरलेल्या गड्याशी भिडवलं जातं. वजनकाटा आणि जन्मतारीख या दोन्ही गोष्टी फडातही असायला हरकत नाही.

गामा पैलवानाच्या गोष्टीही अशाच एकाच बाजूनं सांगितल्या जातात. साडेपाच फुटांच्या आगेमागे उंची असलेला गामा आणि सात फुटांच्या जवळ जाणारा म्हणून वर्णिलेला रहीम बख्श सुलतानीवाला यांच्या कुस्त्या बरोबरीत सुटत गेल्या आणि निकाल शेवटी गामाच्या बाजूनं लागला. आपण गामाचं कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण ज्या गामापुढे बाकीचे काही मिनिटांत चीत होत, त्याच्याशी बरोबरी राखताना रहीम बख्श आपल्या लांब अंगाचं काय करत होता, हे कोणी नोंदवून ठेवलं असतं तर आज आपल्या कामाला आलं असतं.

खेळाचे नियमही उंचाचं नशीब बदलतात, याची जाण प्रशिक्षकाला हवी. ज्युदोत २०१० पासून थेट पाय धरण्यावर बंधनं आली आणि २०१३ मध्ये पट्ट्याखाली हात लावणंच बंद झालं. उंच ज्युदोपटूच्या पायांवरचं मोठं संकट टळलं. गंमत म्हणजे कानोंच्या त्या काता-गुरुमाचं मूळ रूपही त्याच नियमात स्पर्धेबाहेर गेलं. फ्री-स्टाईल कुस्तीत पाय मोकळे आहेत, ग्रीको-रोमनमध्ये कंबरेखाली पकड चालत नाही. लांब पायांचा पण छातीत आणि पाठीत बळ असलेला मुलगा ग्रीको-रोमनमध्ये अधिक खुलू शकतो. आपल्याकडे त्या प्रकाराकडे फ्री-स्टाईलमध्ये न जमलेल्यांची जागा म्हणून पाहायची खोड आहे, ती सुटली पाहिजे.

तायक्वांदोत तर उंचीचं राज्यच आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून अंगावरच्या इलेक्ट्रॉनिक चिलखतानं गुण मोजायला सुरुवात झाली आणि पुढच्या पायानं, पाय खाली न टेकवता समोरच्याला दूर रोखणारे उंच, सडपातळ खेळाडू वाढले. २०१६ ला रिओमध्ये नायजर देशाच्या अब्दुल रझाक इसुफूनं ८० किलोवरील गटात रौप्यपदक मिळवलं. त्याची उंची २.०७ मीटर. पण इथेही उंच मुलाला सरांनी पुढच्या पायाचं काम शिकवलेलं असायला हवं. लांब पाय असूनही जो दर वेळी मागचाच पाय फिरवत आत शिरतो, तो आपलं अंतर आपणच समोरच्याला बहाल करतो.

बॉक्सिंगमध्ये उंचाची सगळी पुंजी म्हणजे अंतर, आणि ते राखणारा पुढचा हात. १.९८ मीटरचा व्लादिमिर क्लिच्को इमॅन्युएल स्ट्युअर्डच्या हाताखाली गेल्यावर वर्षानुवर्षं अजिंक्य राहिला तो जॅब, त्यामागून येणारा उजवा हात आणि कोणी आत शिरलाच तर त्याला कवळून त्याच्यावर भार टाकण्याच्या जोरावर. प्रेक्षकांना तो कंटाळवाणा वाटे. वाटू दे. उलट २.१३ मीटरचा निकोलाय वालुयेव २००९ मध्ये आपल्याहून वीतभर ठेंगण्या डेव्हिड हेकडून गुणांवर हरला, कारण डेव्हिड हलत राहिला आणि वालुयेव त्याच्यामागे चालत राहिला. आपल्या हॉलमध्ये रोज दिसणारी चूक याहून साधी आहे. उंच मुलगा मार चुकवायला सरळ रेषेत मागे जातो, हनुवटी वर करून. आजवर त्याच्या उंचीनं त्याला वाचवलेलं असतं, म्हणून ही खोड लागते. बरोबरीच्या उंचीचा प्रतिस्पर्धी भेटला की पहिल्याच फेरीत तिचा हिशेब होतो.

आसामच्या लवलीना बोर्गोहाईंचं उदाहरण मला मुलींसाठी मुद्दाम द्यावंसं वाटतं. मुए थाईपासून सुरुवात करून बॉक्सिंगकडे आलेल्या या उंच मुलीनं तोक्यो ऑलिंपिकमध्ये ६९ किलो गटात कांस्यपदक मिळवलं. आपल्या घरांत उंच मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षापासून खांदे पाडून चालायला शिकते. 'किती वाढतेय, स्थळ कसं मिळायचं' हे कानावर पडत असतं. मग वर्गात सर तिला म्हणतात, पाठ सरळ कर. घरानं वर्षानुवर्षं वाकवलेली पाठ एका आज्ञेनं सरळ होत नाही. या मुलींना स्टान्स शिकवण्याआधी उभं राहायला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी वेगळं प्रकरण आहे.

सगळ्यात जास्त पानं मी वाढत्या वयाला दिली आहेत, आणि हीच पानं पालकांनी वाचावीत अशी इच्छा आहे. वाढीची झेप मुलींमध्ये साधारण बाराव्या, मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येते. त्या एका वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. हाडं आधी लांबतात, स्नायूंची लांबी मागून येते आणि ताकद त्याच्याही मागून, काही महिन्यांनी. त्या मधल्या काळात काल जमणारी गोष्ट आज जमत नाही. मे महिन्यात समोरच्याच्या पट्ट्यावर नेमकी बसणारी लाथ दिवाळीत त्याच्या बरगडीत घुसते, कारण पाय लांबला आणि डोक्यातलं अंतर जुनंच राहिलं. मुलगा स्वतः गोंधळलेला असतो. सर म्हणतात, लक्ष नाही. आई म्हणते, मोबाईल.

याच वयात गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर दुखरं टेंगूळ येतं, त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. टाच दुखते, तो सेव्हरचा त्रास. दोन्हींमध्ये वाढणाऱ्या हाडाच्या टोकावर स्नायूंची ओढ बसत असते. विश्रांती आणि सराव कमी करणं यानं बहुतेकांचं बरं होतं. 'दुखतंय तोवर रगडा' म्हणणाऱ्याकडे मुलाला पाठवू नका. आणि स्प्लिट बसावी म्हणून मुलाला भिंतीशी पाय फाकवून बसवायचं आणि दुसऱ्यानं पाठीवर भार देऊन दाबायचं, हा प्रकार आजही काही वर्गांत चालतो. उंच, वाढत्या मुलाच्या मांडीमागचे स्नायू आधीच ताणलेले असतात. हा प्रकार मला अघोरी वाटतो आणि त्याला शिस्त म्हणायची माझी तयारी नाही.

पडण्याचं तेच. उंच माणूस उंचावरून पडतो, एवढी साधी गोष्ट वर्गात विसरली जाते. उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याचा सराव, त्यानं आधी उकिडवं बसून, मग गुडघ्यावरून, मग उभ्यानं करावी आणि प्रत्येक पायरीवर इतरांपेक्षा जास्त दिवस थांबावं. लांब मानेमुळे डोकं मॅटवर आपटण्याचा धोका त्याला अधिक असतो. हनुवटी छातीला लावण्याची सवय हाडीमाशी खिळेपर्यंत त्याच्यावर कोणी फेक मारू नये. वर्गात मात्र नेमकं उलटं घडतं. तो उंच, म्हणून फेकायला सोपा, म्हणून सगळ्यांचा सरावाचा गडी तोच.

वजनाबद्दल थोडक्यात. सहा फुटांचा सडपातळ मुलगा खालच्या गटात उतरवला की उंचीचा फायदा मिळतो, हा हिशेब प्रत्येक प्रशिक्षकाच्या डोक्यात येतो. वाढत्या मुलाचं पाणी तोडून, जेवण तोडून हा फायदा घेऊ नका. त्या वर्षात त्याच्या हाडांना जे लागतं तेच तुम्ही काढून घेत असता.

बाकी किरकोळ गोष्टी शेवटच्या प्रकरणांत आहेत. धुतल्यावर ज्युदोगीची बाही आटते आणि स्पर्धेच्या मोजणीत उंच मुलाचा ड्रेस नापास होतो. समाजमंदिराच्या हॉलमध्ये काठी फिरवताना त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा लागतो. हसू येईल, पण लिहिणं भाग होतं.

वाचण्याचा क्रम एवढाच पाळा: मापांचं प्रकरण, मग पडण्याचं, मग वाढत्या वयाचं, आणि डाव शेवटी. मुलाची उंची दर महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर खूण करून वहीत लिहा. दोन खुणांमधलं अंतर अचानक वाढलं की फेकी आणि उड्या कमी करा, पावलांचं आणि तोलाचं काम वाढवा. आणि तुमच्या वर्गात असा एकच मुलगा असेल तर आठवड्यातून एक दिवस त्याला जिथे त्याच्या उंचीचा जोडीदार आहे अशा दुसऱ्या वर्गात पाठवा, मग तो वर्ग तुमच्या प्रतिस्पर्धी सरांचा का असेना.